हडसनवर उतरलेलं विमान लगेच बुडालं का नाही? पाण्यावरचं विमान, त्याची भोकं आणि शेपूट

मीठागर

१५ जानेवारी २००९. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाहून शार्लटला निघालेलं यूएस एअरवेजचं उड्डाण १५४९ सुमारे २,८०० फुटांवर कॅनडा गीजच्या थव्यात शिरलं. दोन्ही इंजिनांचा जोर जवळजवळ संपला. साडेतीन मिनिटांनी कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर आणि फर्स्ट ऑफिसर जेफ्री स्काइल्स यांनी ते एअरबस ए-३२० हडसन नदीत उतरवलं. विमानातले सगळे १५५ जण वाचले.

हा धागा वैमानिकांच्या कौशल्याबद्दल नाही, त्याबद्दल भरपूर लिहून झालंय. प्रश्न पुढचा आहे. सुमारे ६८ टनांचं विमान माणसं बाहेर पडेपर्यंत आणि त्यानंतरही पाण्यावर राहिलं कसं? 'पंखातल्या टाक्या रिकाम्या होत्या म्हणून' हे उत्तर सर्रास दिलं जातं. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. म्हणून आधी साधा हिशेब करू.

ए-३२० च्या धडाची रुंदी ३.९५ मीटर आणि उंची ४.१४ मीटर. म्हणजे आडवा छेद सुमारे १२.८ चौरस मीटर. पूर्ण लांबी ३७.५७ मीटर असली तरी नाक आणि शेपूट निमुळतं असतं, म्हणून ३० मीटरच धरू. एवढ्यावरही घनफळ येतं सुमारे ३८५ घनमीटर. ६८ टन वजन तोलायला ६८ घनमीटर पाणी बाजूला सारावं लागतं. धडाचं आकारमान त्याच्या साडेपाच पट झालं. म्हणजे पंख हिशेबात न धरताही नुसतं धड एक-पंचमांशाहून कमी बुडून सगळा भार पेलू शकतं.

खोलीत सांगायचं तर धडाचा सुमारे एक मीटर भाग पाण्याखाली जाईल. प्रवाशांच्या पायांखालच्या सामानकक्षाची उंचीच १.२४ मीटर आहे. त्यामुळे अखंड विमानात पाण्याची रेघ प्रवाशांच्या मजल्याच्या खालीच राहते, दारांचे उंबरे कोरडे राहतात. टाक्यांची मदत याच्या वरची. इंधन लिटरला साधारण ८०० ग्रॅम भरतं, म्हणजे भरलेली टाकीसुद्धा पाण्यापेक्षा हलकीच.

तरीही त्या दिवशी शेपूट बुडत गेली. तिथपासून पुढे बोलूया.

नट-बोल्ट

हिशेब बरोबर आहे, पण तो बंद डब्याचा आहे. विमान हा बंद डबा नाही. विहिरीत सोडलेली कळशी आठवा. रिकामी कळशी आडवी पडून मजेत तरंगते. तोंड पाण्याला टेकलं की गुडगुड सुरू होते आणि मग ती तोंडाच्याच बाजूने खाली जाते. विमानाला अशी तोंडं बरीच असतात.

सगळ्यात मोठं तोंड म्हणजे आउटफ्लो व्हॉल्व्ह. केबिनमध्ये सतत ताजी हवा भरली जाते आणि या झडपेतून ती मोजून बाहेर सोडली जाते, त्यावर केबिनचा दाब ठरतो. ए-३२० वर ती धडाच्या मागच्या भागात, खालच्या अंगाला, म्हणजे तरंगरेषेच्या खाली बसते. शिवाय इलेक्ट्रॉनिक उपकरणं थंड ठेवणाऱ्या हवेची आत यायची आणि बाहेर जायची दारं, आणीबाणीत बाहेरची हवा आत घेणारं रॅम एअरचं तोंड, एसीच्या पॅकच्या झडपा. हे सगळं एकदम बंद करायला कॉकपिटच्या छतावर, केबिन प्रेशरच्या पॅनेलवर झाकणाखाली एक बटण दिलेलं आहे. त्यावर 'डिचिंग', म्हणजे पाण्यावर उतरणं, असंच लिहिलेलं असतं.

बोइंग ७३७ ला असं एकच बटण नाही. तिथे आणीबाणीत वाचायच्या यादीप्रमाणे (चेकलिस्ट) हवेचा पुरवठा बंद करून, दाबाची यंत्रणा मॅन्युअलवर घेऊन आउटफ्लो व्हॉल्व्ह हाताने बंद करावी लागते.

सुरमई

माझा एक प्रश्न. विमान ३५,००० फुटांवर आतला दाब धरून ठेवतं. मग ते मुळातच हवाबंद असणार ना? हवा बाहेर जात नाही तर पाणी आत कसं येईल?

नट-बोल्ट

सुरमई, प्रश्न रास्त आहे, बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. उंचावर आतला दाब बाहेरच्यापेक्षा चौरस इंचाला सुमारे ८ पौंडांनी जास्त असतो. एक मीटर खोल पाण्याचा दाब साधारण १.४ पौंड. आकडे पाहिले तर पाणी किरकोळ वाटतं. पण दिशा उलटी आहे. दाराचं सील आतल्या दाबाने चौकटीवर घट्ट बसावं असं केलेलं असतं. बाहेरून ढकललं की ते तितकं घट्ट राहत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पोटाखाली असते. आत साचलेलं दवाचं पाणी निघून जावं म्हणून तळाला जागोजागी छोट्या निचरा-झडपा असतात. केबिनमध्ये दाब चढला की त्या मिटतात, दाब उतरला की उघडतात. जमिनीवर उभ्या विमानाच्या पोटातून थेंब गळताना दिसतात ते यातूनच. पाण्यावर उतरताना केबिनमधला दाब काढूनच टाकलेला असतो, नाहीतर दारंच उघडणार नाहीत. म्हणजे नेमक्या त्या वेळी या झडपा उघड्या असतात. भोकं लहान असल्यामुळे पाणी हळू येतं, पण येत राहतं.

म्हणून अखंड विमानसुद्धा कायमचं तरंगत नाही, ते वेळ देतं. अमेरिकेच्या एफएआर २५.८०१ या नियमातही मिनिटं दिलेली नाहीत. माणसांना बाहेर पडून तराफ्यांवर चढता येईल इतका वेळ विमान तरंगलं पाहिजे आणि तोवर त्याचा तोल राहिला पाहिजे, एवढीच अट आहे.

दक्षिणवारा

सलेनबर्गर यांनी ते डिचिंग बटण दाबलंच नव्हतं ना? मग विमान वाचलं कसं?

स्पार

नाही दाबलं. दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर वाचायची यादी तीन पानांची होती आणि ती मोठ्या उंचीवर, हाताशी वेळ असेल असं गृहीत धरून लिहिलेली होती. बटणाची ओळ शेवटाकडे होती. २,८०० फुटांवरून सुरुवात केल्यावर तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. माझ्या मते दोष यादीच्या रचनेचा आहे, त्या दोघांचा अजिबात नाही.

मात्र बटण दाबलं असतं तरी फार फरक पडला नसता. अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबी या संस्थेने तपासाअंती तेच सांगितलं, कारण झडपांच्या मानाने कितीतरी मोठं भगदाड मागे पडलं होतं. ते का पडलं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. विमान टेकलं तेव्हा वेग साधारण १२५ नॉट, म्हणजे सेकंदाला ६४ मीटर. या वेगाने पाणी समोरून आदळलं तर दाब येतो जवळपास २० वातावरणांइतका. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा हे सोसू शकत नाही. म्हणून पाण्याला थेट भिडायचं नाही, त्यावरून घसरायचं. त्यासाठी तीन गोष्टी जमाव्या लागतात: नाक योग्य तेवढं वर, खाली येण्याचा वेग कमीत कमी आणि पंख पाण्याला समांतर.

ए-३२० साठी नाकाचा कोन ११ अंश सांगितलेला आहे आणि विमानाच्या या जातीला सुरक्षिततेचं प्रमाणपत्र देताना खाली येण्याचा वेग सेकंदाला ३.५ फूट धरलेला आहे. हडसनवर कोन ९.५ अंश होता, जवळपास बरोबर. पण खाली येण्याचा वेग सेकंदाला १२.५ फूट होता. गृहीताच्या साडेतीन पट. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती जवळजवळ १३ पट झाली.

नाक वर असल्यामुळे पहिला मार मागच्या पोटाला बसतो. तिथली कातडी फाटली, चौकटी चेपल्या आणि ६५ क्रमांकाच्या चौकटीजवळचा एक उभा दांडा केबिनच्या जमिनीतून वर आला. मागे बसलेल्या फ्लाइट अटेंडंटच्या पायाला गंभीर जखम झाली ती त्याने.

इंजिनाशिवाय सेकंदाला ३.५ फुटांनी टेकणं माणसाच्या हातून कितपत होतं, हा प्रश्न एनटीएसबीने उघडपणे उपस्थित केला. प्रमाणपत्राच्या कागदावर इंजिनाचा जोर हाताशी आहे असं धरलेलं होतं. प्रत्यक्षात माणसं पाण्यावर उतरतात ती बहुधा इंजिनं गेल्यामुळेच. कागद आणि वास्तव यांच्यातली ही फट मला अजूनही खटकते.

मीठागर

स्पार, यात एपीयूबद्दलही लिहायला हवं. सलेनबर्गर यांनी यादीतल्या क्रमाची वाट न पाहता शेपटीतलं ते छोटं इंजिन सुरुवातीलाच चालू केलं. त्यामुळे वीज टिकली आणि संगणकाचं संरक्षणही पूर्ण टिकलं. विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल जाऊन, कोसळणार नाही याची खात्री त्या संरक्षणाने दिली.

स्पार

हो. आणि त्याच संगणकाने शेवटच्या १५० फुटांत नाक वर घेण्याची त्यांची मागणी थोडी दाबली, हेही अहवालात आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

दर्याकिनारी

चाकं खाली घेऊन उतरलं तर? पाण्यात थोडा ब्रेक लागेल असं वाटतं.

नट-बोल्ट

ब्रेक लागेल, पण सगळा एका जागी. चाकं पाण्यात रुतली की नाक खाली खेचलं जातं, विमान कोलांटी घेऊ शकतं किंवा मोडू शकतं. म्हणून मोठ्या विमानांसाठी नियम स्पष्ट आहे: चाकं आत. तसं पोट सपाट राहतं आणि विमान घसरत जातं.

पंखाखालची इंजिनंही पाणी ओढणारी पिंपंच आहेत. म्हणून ती ज्या पिनांवर लटकतात त्या ठरावीक भाराला तुटाव्यात अशाच केलेल्या असतात. इंजिन सुटून गेलं तर चालतं, त्याने पंख आणि टाकी फाडून नेता कामा नये. हडसनवर डावं इंजिन असंच सुटलं आणि नंतर नदीच्या तळाशी सापडलं. उजवं जागेवर राहिलं.

कवडी

शेपूटच आधी का बुडते? भगदाड मागे पडलं म्हणूनच की आणखी काही?

स्पार

आणखी दोन कारणं आहेत.

केबिनच्या मागच्या टोकाला घुमटासारखा प्रेशर बल्कहेड असतो. त्याच्या मागचा निमुळता भाग दाबाखाली नसतोच. तिथे एपीयू असतो, हवेची तोंडं असतात, आडव्या शेपटीसाठी फटी असतात. तो भाग पहिल्यापासून पाण्याने भरतो, तरंगायला त्याची काही मदत होत नाही.

दुसरं कारण म्हणजे विमानाच्या पोटात आडव्या भिंती नसतात. जहाजाच्या तळाला पाणबंद कप्पे असतात, त्यामुळे एका कप्प्यात शिरलेलं पाणी तिथेच अडतं. विमानात मागे पाणी शिरलं की सगळं उताराकडे धावतं. शेपूट आणखी खाली जाते, उतार आणखी वाढतो, आणखी पाणी मागे येतं. परातीत पाणी घेऊन चालून पाहा, पाणी एका कडेला गेलं की परात त्याच कडेने कलंडते. तसंच.

हडसनवर बल्कहेडही फुटला होता. काही क्षणांत मागच्या दारांचे उंबरे पाण्याखाली गेले आणि मागची दोन्ही दारं निकामी झाली.

सुरमई

मग १५० प्रवासी बाहेर पडले कुठून?

दर्याकिनारी

पुढची दोन दारं आणि पंखांवरच्या चार खिडक्या. मागच्या दारांवरचे दोन तराफे वाया गेले. पुढच्या डाव्या दाराचा तराफा आपोआप फुगला नाही, फ्लाइट अटेंडंटने हाताची मूठ ओढून फुगवला. पंखांच्या बाजूच्या घसरगुंड्या फुगल्या, पण त्या तराफा म्हणून बनवलेल्या नव्हत्या. त्यामुळे बरीच माणसं पंखांवर गुडघाभर पाण्यात उभी होती. पाणी सुमारे ५ अंश सेल्सियस, हवा शून्याखाली ७. पहिली फेरीबोट चार मिनिटांत पोचली नसती तर विमान तरंगत राहूनही माणसं गारठून गेली असती. तरंगण्याच्या चर्चेत हे विसरू नये.

आणखी एक. एवढे तराफे असलेलं विमान त्या मार्गावर सक्तीचं नव्हतं. ते लांब समुद्री उड्डाणांसाठी सज्ज केलेलं होतं, म्हणून तराफे होते. आणि लाइफ जॅकेट कंबरेचा पट्टा बांधून नीट घातलेले प्रवासी सापडले फक्त चार.

कवडी

फक्त चार! जॅकेट आतच घालून फुगवून बाहेर पडणं सोपं नाही का?

दर्याकिनारी

कवडी, हे कधीच करू नका. आत घालायचं, पट्टा बांधायचा, पण फुगवायचं दाराच्या उंबऱ्यावर आल्यावरच.

२३ नोव्हेंबर १९९६ ला अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं ९६१ हे बोइंग ७६७ इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं. डावी बाजू आधी टेकली, विमान फिरलं आणि तुकडे झाले. १७५ पैकी १२५ गेले. अनेकांनी जॅकेट आतच फुगवलेली होती. केबिनमध्ये पाणी चढलं तशी जॅकेटने त्यांना छताला नेऊन चिकटवलं आणि दार राहिलं खाली पाण्यात. फुगवलेल्या जॅकेटसह बुडी मारता येत नाही.

मीठागर

'पंख समांतर' हे स्पार यांनी सांगितलेलं किती मोलाचं आहे ते या उदाहरणावरून कळतं.

दक्षिणवारा

हडसन म्हणजे नदी, पाणी सपाट. मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवरून उडालेलं विमान लगेच अरबी समुद्रावर येतं. पावसाळ्यातल्या लाटांवर हे जमेल?

स्पार

खूप जास्त अवघड. खुल्या समुद्रावर वाऱ्यापेक्षा फुगाऱ्याची दिशा आधी पाहतात. लांबून येणाऱ्या मोठ्या लाटांच्या रांगांना समांतर उतरायचं, लाटेच्या माथ्यावर किंवा पाठीवर. लाटेच्या तोंडावर कधीच नाही, ते भिंतीला धडकण्यासारखं आहे. वारा आडवा आला तरी तो सोसायचा. वारा फारच जोराचा असेल तर मात्र दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

भर समुद्रातलं सगळ्यात चांगलं उदाहरण १६ ऑक्टोबर १९५६ चं. पॅन ॲमचं उड्डाण ६, बोइंग ३७७ स्ट्रॅटोक्रूझर, होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोकडे. दोन इंजिनं गेली. कॅप्टन रिचर्ड ऑग अमेरिकन कोस्ट गार्डच्या पाँटचार्ट्रेन या जहाजाभोवती रात्रभर घिरट्या घालत राहिले. उजेड हवा होता आणि इंधन जाळून विमान हलकं करायचं होतं. हलकं विमान म्हणजे टेकताना कमी वेग आणि टाक्यांत जास्त हवा. या जातीच्या विमानाची शेपूट आधी एका अपघातात तुटली होती, म्हणून त्यांनी प्रवाशांना मागच्या भागातून पुढे बसवलं. उतरताना शेपूट खरोखरच तुटली. विमान सुमारे २० मिनिटं तरंगलं आणि तेवढ्यात ३१ च्या ३१ जण बाहेर आले. पूर्वतयारी कशी असावी हे दाखवणारं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

कवडी

एटीआरसारख्या वर पंख असलेल्या विमानांचं काय?

नट-बोल्ट

तिथे गणित उलटं. खालच्या पंखाचं विमान पंखांवर हात पसरून पडल्यासारखं पाण्यावर बसतं, पंख त्याला डुलण्यापासूनही वाचवतात. वरच्या पंखाचं विमान पंख पाण्याला टेकेपर्यंत खाली जाऊ पाहतं, म्हणजे केबिनच पाण्यात.

६ ऑगस्ट २००५ ला टुनइंटरचं एटीआर ७२ पालेर्मोजवळ समुद्रात उतरलं. एटीआर ४२ चा इंधनमापक चुकून त्याला बसवला होता, त्यामुळे टाकी कोरडी असून काटा इंधन दाखवत राहिला. विमानाचे तीन तुकडे झाले, ३९ पैकी १६ गेले. पंख असलेला मधला तुकडा मात्र तरंगत राहिला आणि वाचलेल्यांपैकी काहींनी त्याचाच आधार घेतला.

सुरमई

आणि डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीसमोर चाचणीला आलेलं ते सी-प्लेन? ते तर पाण्यावर उतरायलाच बनवलेलं ना?

नट-बोल्ट

हो, ते कोडियाक विमान होतं, फ्लोटवरचं. तिथे तरंगणं नशिबावर सोडलेलं नसतं. छोट्या विमानांच्या फ्लोटसाठी जुना रूढ नियम असा: दोन्ही फ्लोट मिळून विमानाच्या कमाल वजनापेक्षा ८० टक्के जास्त भार गोड्या पाण्यात तोलू शकले पाहिजेत आणि प्रत्येक फ्लोटला किमान चार पाणबंद कप्पे हवेत. म्हणजे स्पार म्हणतात ती आडवी भिंत इथे असते. एखादा कप्पा फुटला तरी पाणी तिथेच अडतं.

तरीही शिवणीतून पाणी झिरपतंच. म्हणून दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी प्रत्येक कप्प्याचं बूच काढून हातपंपाने पाणी उपसतात आणि पंपाचे दट्टे मोजतात. काल पाच दट्ट्यांत कोरडा झालेला कप्पा आज तीस घेत असेल तर रिव्हेट सैल झालाय किंवा पत्र्याला चीर गेलीय. तपासल्याशिवाय उडायचं नाही, कारण फ्लोटमधलं पाणी हे वजनपत्रकात न लिहिलेलं वजन असतं, तेही नेमकं पुढच्या किंवा मागच्या टोकाला.

दक्षिणवारा

शेवटचं विचारतो. दाराचा तराफा विमानाला बांधलेला असतो. विमान बुडायला लागलं तर तो सोबत खाली जाणार नाही का?

दर्याकिनारी

नाही, तो दोन टप्प्यांत सुटतो. दाराच्या उंबऱ्याशी तराफ्यावर एक कापडी झडप असते. ती उचलून खालची मूठ ओढली की तराफा उंबऱ्यापासून मोकळा होतो, पण एका दोरीने विमानाला धरून राहतो. हे मुद्दाम आहे, कारण माणसं अजून चढत असतात आणि वाऱ्याने तराफा दूर जाऊन चालत नाही. सगळे चढले की ती दोरी कापायची. त्यासाठी तराफ्यावरच सुरी ठेवलेली असते. तिचं टोक बोथट असतं, म्हणजे घाईत हात चुकला तरी रबर फाटत नाही.